खिडकीखालची जागा

चेर्नीब्रोदच्या नगरपालिकेत जी वस्तू स्वतःच्या पायांनी पळून जाऊ शकत नाही, तिच्यावर तांबड्या तैलरंगात क्रमांक घातलेला असायचा. खुर्चीच्या पाठीला, टेबलाच्या पायाला, शेगडीच्या दाराला, कोळशाच्या फावड्याला, सभागृहातल्या रबराच्या झाडाच्या कुंडीलासुद्धा. सगळे क्रमांक एकाच हाताचे, हिशेबनीस गेरासिम वेल्चेवचे. सात आकडा तो मधे आडवी रेघ मारून काढायचा, आणि ती रेघ कधी वाकडी गेली नाही.

“लग्नाच्या रात्री नायदावहिनीच्या खांद्यावर नंबर पडला नाही, हे तिचं नशीब,” भांडारपाल त्सोलो म्हणायचा. “ब्रश वाळला असेल बिचाऱ्याचा.”

सगळे हसायचे. गेरासिमचं लक्ष मात्र त्सोलो ज्या खुर्चीवर मागे रेलून झुलत होता तिच्या मागच्या पायांकडे असायचं.

त्याचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. दुकानदार आपल्या तराजूवर दरसाल घसारा काढतो, तराजू जुना होत जातो तशी त्याची किंमत उतरते. सरकारी जडसंग्रहाच्या, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत त्या काळी घसारा नव्हता. तिथं वस्तू म्हातारी होत नसे. विकत घेतली त्या दिवशी जी किंमत लिहिली, तीच शेवटपर्यंत. मग एका डिसेंबरात मोजणीच्या वेळी तिघांची समिती तिच्यापुढे उभी राहायची, तिघं माना हलवायचे, सह्या व्हायच्या आणि वस्तूचं निर्लेखन व्हायचं. काल पूर्ण किमतीची होती, आज शून्य. मधलं काही नाही.

आणि शून्य म्हणजे शून्य. निर्लेखन झालेली वस्तू समितीच्या डोळ्यांदेखत भांडाराच्या अंगणात घणानं फोडायची, तुकडे भंगारवाल्याकडे तोलायचे आणि पावती कागदाला टाचायची. वहीतून गेलेली वस्तू जगात कुठं दिसली तर वही खोटी ठरते. हे सगळं गेरासिमनंच टंकून घेतलं होतं आणि त्यावर नगराध्यक्षाची सही आणली होती.

त्याला कारण होतं. तो नोकरीत नवा असताना त्याच्या साहेबानं एक फ्रिज मोडीत काढला, आणि वर्षभरानं तो फ्रिज साहेबाच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात घरघरताना सापडला. आत बियरच्या बाटल्या होत्या. साहेब तुरुंगात गेला. गेरासिमला साक्षीला उभं केलं, आणि सरकारी वकिलानं त्याला विचारलं, “तुमचीही सही आहे की इथं?” तो सुटला खरा, पण कोर्टाच्या पायऱ्या उतरताना त्याची पँट ओली होती. तेव्हापासून गाव त्याला प्रामाणिक म्हणू लागलं. तो प्रामाणिक वगैरे काही नव्हता, घाबरलेला होता. पण भीतीही पुष्कळ वर्षं मुरली की तिला तत्त्वाचा वास येतो, आणि मग माणूस ती छातीवर बिल्ल्यासारखी लावून हिंडतो.

बायको नेमकी उलट. नायदा लोकरीच्या सहकारी कारखान्यात विणायची, खिदळायची, वाटेत भेटेल त्याला थांबवून बोलायची. मूलबाळ नव्हतं, म्हणून गल्लीतली सगळी पोरं तिची. बायका तिची कीव करायच्या. असल्या लाकडी माणसाबरोबर कसे दिवस काढतेस गं, म्हणायच्या. ती म्हणायची, “नाचत नाही, गात नाही, चार घोट पोटात गेले की नुसता झोपतो. सगळं कबूल. पण माझा नवरा खोटं बोलत नाही. उद्या म्हणाला की उद्या. तुमच्यातल्या कुणाच्या नवऱ्याचं असं आहे, हात वर करा.” हात कुणाचाच वर होत नसे.

आता लोझानच्या खुर्चीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

लोझान खाणीत सुरुंग लावायचा. एक सुरुंग उशिरा उडाला आणि त्याचे दोन्ही पाय मांडीपासून गेले. चाकाच्या खुर्चीसाठी राजधानीत, सोफियात नाव लागलं, नंबर यायला चार-पाच वर्षं लागतील असं कळलं. त्याच डिसेंबरात नगरपालिकेच्या इस्पितळातली एक जुनी चाकाची खुर्ची समितीपुढे आली. एका चाकाचं रबर फाटलेलं, ब्रेक लागत नव्हता, बाकी धडधाकट. सह्या झाल्या. कुणीतरी लोझानच्या बायकोला जाऊन सांगितलं. द्राग्ना तिचं नाव. ती कणकेच्या हातांनी तशीच धावत अंगणात आली.

“गेरासिमदादा, ही फोडताय? मला द्या ना. भंगाराचे जे काय पैसे येतील ते मी भरते.”

“देता येत नाही.”

“विकत द्या मग.”

“मोडीत काढलेली वस्तू विकता येत नाही. ती आता नाहीये.”

“नाहीये म्हणजे? ही काय समोर उभीये!”

“वहीत नाहीये.”

“अहो, माझा माणूस पलंगावर पडून छताकडे बघतोय दिवसभर! तुम्ही फक्त तोंड फिरवा. मी ढकलत नेते. कुणी बघत नाही.”

“मी बघतोय,” गेरासिम म्हणाला, आणि त्यानं त्सोलोला खूण केली. त्सोलो घण घेऊन नुसता उभा राहिला. तेव्हा गेरासिमनं तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःच पहिला घाव घातला. द्राग्ना रडली नाही. खुर्ची पार चपटी होईपर्यंत ती उभी राहिली, मग हातावरची वाळलेली कणीक खरवडत निघून गेली.

लोझाननं फळीला चार बेअरिंग ठोकून घेतले आणि त्यावर बसून, हातांनी जमीन रेटत तो गावात फिरू लागला. दगडी रस्त्यावर तो खडखडाट दुरून ऐकू यायचा. गेरासिम तो ऐकून गल्ली बदलायचा. काही हिवाळ्यांनी लोझान न्यूमोनियानं गेला. पोटापाण्यासाठी द्राग्ना झाडूवाली म्हणून लागली ती त्याच नगरपालिकेत. गेरासिमच्या टेबलाखालून झाडताना ती त्याला एवढंच म्हणायची, “पाय वर घ्या.” तो पाय वर घ्यायचा. आठ वर्षांत दोघांत याखेरीज बोलणं झालं नव्हतं.

मग शहाण्णव साल आलं. बँका बुडाल्या, सकाळचा भाव संध्याकाळी राहीना, महिन्याच्या पगारात चीज आणि सरपण एकदम येईना. नगरपालिकेचं इस्पितळ बंद झालं आणि त्यातल्या खाटा भांडारात येऊन पडल्या. त्याच शरदात नायदा लाल मिरच्या भाजताना शेगडीपाशी कोसळली. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. बोलणं उरलं ते तुकड्यातुकड्यांनी, आणि मधेच विसरायची. आज कुठला वार, कारखाना सुटला का, असं विचारायची.

जिल्ह्याहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. “हिला आडवी ठेवू नका. अर्धी बसलेली ठेवा, रात्रंदिवस. नाहीतर फुप्फुसात पाणी भरेल आणि हिवाळा काढणार नाही.”

गेरासिमनं उशा लावल्या, गोधड्या गुंडाळल्या, पाठीशी उलटी खुर्ची लावली. नायदा घसरायचीच. जुना दिवाण मधे खोलगट झालेला, ती त्या खड्ड्यात जायची आणि घशातून घरघर सुरू व्हायची. तो तिला काखेत हात घालून वर ओढायचा. त्याला स्वतःला हर्निया होता, ओढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तासाभरानं ती पुन्हा खाली.

भांडारात सात खाटा होत्या. त्यातल्या एकीला पायाशी दांडा होता. तो फिरवला की डोक्याकडची बाजू उचलली जायची आणि हवी तिथं थांबायची. क्रमांक चारशे सत्तावीस, सातावर आडवी रेघ. वहीत किंमत एकशे अठरा लेव्हा. त्या डिसेंबरात तेवढ्यात पावही धड येत नव्हता, पण वहीला त्याचं काय?

उसनी द्यायची सोय नव्हती. पालिकेची वस्तू खासगी घरात जाऊ नये, हाही गेरासिमचाच मसुदा. लिलाव करायचा तर सूचना, मुदत, आक्षेप, वसंत उजाडला असता. हे त्सोलोला त्याच्याइतकंच ठाऊक होतं.

“ऐक,” त्सोलो म्हणाला. “मोजणी आलीच आहे. ती खाट मोडीत काढू. ‘फोडली’ असं लिहू. वजनाला अंगणात पुष्कळ लोखंड पडलंय, तेवढं तोलून पावती आणतो. संध्याकाळी माझी गाढवगाडी तुझ्या दारात.”

“आणि तिसरी सही?”

“माणसं उरलीत कुठं? समितीत यंदा तिसरी द्राग्ना आहे.”

गेरासिम वही मिटून घरी गेला. दोन दिवस जेवला नाही. मग त्यानं त्सोलोला म्हटलं, “कर.” आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वहीत खोटं लिहायचं ठरवलं होतं, आणि त्याला वाटलं होतं तशी जमीन काही दुभंगली नाही. उलट घरी जाताना त्याची पावलं हलकी पडत होती. खरंच तो त्या संध्याकाळी गुणगुणत आला, बेसूर का होईना.

“नायदा, उद्या खाट येतेय. दांड्याची. तुला वर उचलून बसवेल.”

“उद्या?”

“उद्या.”

तिच्या चांगल्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं. तिनं उजव्या हातानं खिडकी दाखवली. खाट तिथं हवी होती, बाहेर अक्रोडाचं झाड आणि रस्ता दिसतो तिथं. शेजाऱ्याला बोलावून गेरासिमनं तिथली पेटी हलवली, शिवणयंत्र परसात नेलं, फरशी पुसली आणि तिच्या हातचा विणलेला पट्ट्यापट्ट्यांचा गालिचा अंथरला. खिडकीखाली खाटेएवढी जागा मोकळी झाली. नायदा तिच्याकडे बघतच झोपली.

दुसऱ्या दिवशी अंगणात पातळ बर्फ होतं. त्सोलोनं खाट बाहेर काढून ठेवली होती, तिच्या दांड्याला आदल्या दिवशीच तेल दिलं होतं. गाढवगाडी फाटकाशी उभी. द्राग्ना डोक्याला रुमाल बांधून, झाडू भिंतीला टेकवून आली. गेरासिमनं कागद पुढे केला. त्याच्या मनात तिचं सगळं बोलणं तयार होतं. आता ती हसेल, आता थुंकेल, आता म्हणेल आण घण. त्यासाठी तो पाठ ताठ करून उभा होता.

द्राग्नानं कागद वाचलासुद्धा नाही. सही केली.

“घेऊन जा,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी नाही करत. लोझान हातांनी रस्ता रेटायचा ना, त्याचे तळवे सोलून निघायचे. नायदाताई दर हिवाळ्यात त्याला हातमोजे विणून द्यायची, तळव्याला कातडं लावून. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली होती.”

गेरासिमला हे ठाऊक नव्हतं.

“चला, चढवूया,” त्सोलो म्हणाला. “गाढव गारठलंय.”

“एकच विचारते,” द्राग्ना म्हणाली. “भांडायला नाही. नुसतं कळावं म्हणून. हे असं करता येत होतं, तर तेव्हा का नाही केलं?”

“तेव्हा नियम होता.”

“आणि आज?”

ती खरोखर नुसतं विचारत होती. तिच्या आवाजात धार असती तर गेरासिमला सोपं गेलं असतं. तो खाटेकडे बघत राहिला. खाट घरी गेली, तर ती चाकाची खुर्चीही तेव्हा जाऊ शकली असती. म्हणजे त्या दिवशी घण नियमानं उचलला नव्हता, त्यानं उचलला होता. लोझानचे सोललेले हात, तो खडखडाट, तो न्यूमोनिया, सगळं त्याच्या नावावर चढणार होतं. खाट फुटली तर मात्र खुर्चीही बरोबरच फुटली होती. माणूस वाईट असतो तेव्हा त्याला वाचवता येतं. आपण बरोबर होतो हे सिद्ध करायला निघालेल्या माणसाला कुणी वाचवू शकत नाही, आणि त्याच्या घरच्यांना तर नाहीच नाही.

“त्सोलो, घण आण.”

“काय?”

“आज पण नियम आहे. घण आण.”

“डोकं फिरलं का तुझं? बायको मरतेय तुझी!”

“मी काही म्हटलं का?” द्राग्ना ओरडली. “मी घेऊन जाच म्हटलं ना! सही केलीये मी! अहो, दादा, मी आपलं उगाच विचारलं, तोंडातून गेलं माझ्या...”

घण भिंतीशीच होता. गेरासिमनं पहिला घाव दांड्यावर घातला. लोखंड चांगलं होतं, सहज वाकेना. द्राग्ना त्याच्या हाताला लोंबकळली. त्यानं तिला झटकलं, ती बर्फात बसली. त्सोलो शिव्या देत, डोळे पुसत गाढवापाशी जाऊन उभा राहिला. हर्नियानं पोटात कळ येत होती, तरी गेरासिम थांबला नाही. तुकडे त्यानं स्वतः गोळा केले, स्वतः तोलले, पावती स्वतः टाचली. वही खरी राहिली.

घरी नायदा दाराकडे डोळे लावून होती. “खाट?”

त्यानं कोट काढला, खुंटीला लावला, टोपी झटकली.

“उद्या,” तो म्हणाला.

हे त्याचं पहिलं खोटं. दुसरं सोपं गेलं. गाडीचं चाक मोडलं. मग बर्फ फार पडलं. मग त्सोलो आजारी पडला. नायदा कालचं उत्तर विसरायची, पण खाट विसरत नव्हती. रोज विचारायची आणि रोज उद्या ऐकून तिचा चेहरा उजळायचा. खिडकीखालच्या गालिच्यावर ती कुणाला पाय ठेवू देत नसे.

दोन-तीन दिवसांनी गेरासिम कामावरून आला तर द्राग्ना घरात. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती दिवाणावर भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसली होती आणि नायदा तिच्या छातीवर रेलून, अर्धी बसलेली, शांत श्वास घेत होती. द्राग्नानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो शेगडीत लाकूड सारत राहिला. मग ती रोज यायची. सकाळी पालिकेत झाडून झालं की इथं, अंधार पडेपर्यंत. रात्री गेरासिम तसाच बसायचा, पण त्याच्या छातीवर नायदाला झोप लागत नसे. द्राग्नाच्या छातीवर लागायची. खाटेचं खरं द्राग्ना एका वाक्यात सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही.

जानेवारीत वर्षाचे हिशेब बंद करायचे असतात. गेरासिम रजा घेऊ शकत होता. त्यानं घेतली नाही. त्याच्याशिवाय जडसंग्रहाची बेरीज कोण जुळवणार? ती जुळलीही, पहिल्याच फेरीत, आणि तो शेवटच्या बेरजेखाली दुहेरी रेघ मारत असताना त्सोलो दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात धरलेली. दुपारी द्राग्नाच्या हातात नायदा गेली होती.

शवपेटी कुठं ठेवायची असं बायकांनी विचारलं नाही. खिडकीखाली जागा होतीच. तिथं ती अगदी नीट बसली.

दुसऱ्या दिवशी पुरून झाल्यावर गेरासिम एकटाच परत आला. बाकीचे जेवणावळीला गेले होते, उकडलेले गहू आणि पावटा. मेलेलं माणूस घराबाहेर पडलं की मागे एका बाईनं घर झाडायचं असतं, म्हणून द्राग्ना स्मशानात आली नव्हती. ती मेणाचे थेंब खरवडत होती. गेरासिम टोपी न काढता खुर्चीवर बसला. त्या खुर्चीवर कसलाही क्रमांक नव्हता.

“शेवटी काही म्हणाली का?” त्यानं विचारलं.

द्राग्नानं झाडू थांबवला. सांगावं की नाही, असा तिला क्षणभर प्रश्न पडलेला दिसला. मग तिनं सांगितलं.

“म्हटलं, दिवाण खिडकीकडे ओढते, ऊन पडलंय. तर नको म्हणाली. जागा मोकळी ठेव म्हणाली. खाट यायचीये. तो उद्या म्हणालाय आणि तो खोटं बोलत नाही.”

बाहेर अक्रोडावरून बर्फ घसरून पडलं.

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? ठेवली मोकळी,” द्राग्ना म्हणाली, आणि झाडत झाडत त्याच्या खुर्चीपाशी आली. “पाय वर घ्या.”

त्यानं पाय वर घेतले.